पट्टीवरचा राखणदार

आमच्या विमानतळाला बारा वर्षं झाली म्हणून स्मरणिका काढून राहिलेत. "कर्मचाऱ्यांनो, आठवणी सांगा," म्हणाले. मी सुमनबाई, हितं पहिल्या दिवसापासून झाडू मारते. विमानाच्या काय आठवणी सांगू, कपाळ? त्याला विमान यावं लागतं! नाव सोनुबाई अन् हाती कथलाचा वाळा. निलंग्याकडच्या माळावर दोन किलोमीटरची धावपट्टी, काचेची इमारत, सामानाचा फिरता पट्टा, अन् त्या पट्ट्यावर आमच्या मॅनेजर भागवतराव साहेबांच्या घरचे पापड वाळत घातलेले. उद्घाटनानंतर चार महिने विमान आलं. पुढं कुण्या पुढाऱ्याच्या घरी लग्न असलं तर एखादं येतं. बाकी दिवस आम्ही हजर, विमान गैरहजर.

तवा मला आठवतो तो गुरुपादप्पाच. उदगीरच्या पलीकडचा, कर्नाटकाच्या शिवेवरचा माणूस. उंच, वाळका, बोलायला कंजूस. त्याचं काम पट्टीवरची पाखरं हाकलायची. हसू नका. पाखरू विमानाच्या इंजिनात गेलं तर विमान खाली येतं, हे मला त्यानंच सांगितलं. खात्यानं पाखरं भेवडवायला आवाजाचं एक मशीन दिलतं, ते महिन्याभरात मुकं झालं. मग अप्पानं घरून गोफण आणली. बापाच्या ज्वारीत माळ्यावर उभं राहून फिरवायचा, तसली. सकाळी सायकलीवर एक चक्कर, संध्याकाळी एक. तोंडानं "होगो! होगो!" म्हणजे कानडीत "जा, जा". टिटव्यांनाबी कानडी यायला लागलं होतं.

मी लई चिडवायची. "अप्पा, विमानाचा पत्ता न्हाई, पाखरं कशाला हाकलता? बसू द्या की बिचारी." तो नुस्ता हसायचा अन् सायकलीवर टांग टाकायचा.

मागच्या हिवाळ्यात वरून कागद आला. कंत्राटी जागा तपासायला अधिकारी येणार. पट्टीवर पाखरांचा त्रास दिसला तर अप्पाची जागा राहणार, न्हाई दिसला तर जाणार. अप्पाला चोपन्नावं लागलेलं. शेत न्हाई, पेन्शन न्हाई. लेक आरती लातूरला क्लासला. समदं घर त्या एका जागेवर. अन् बारा वर्षं इमानानं हाकलल्यामुळं पट्टीवर पाखरू औषधाला शिल्लक न्हाई! चांगलं काम केल्याची शिक्षा, दुसरं काय.

भागवतराव साहेबांना डोकं लई, वापरत न्हाईत एवढंच. त्या दिवशी वापरलं. म्हणाले, "पट्टीवर ज्वारी टाका. पाखरं आपसूक येतील." उदगीरच्या मोंढ्यातून दोन पोती आणली. अप्पा "नको, नको" करत होता. मीच दटावलं, "गप बसा अप्पा. आठ दिवस ती गोफण खुंटीला लावा. पोरीचं तोंड बगा जरा." अन् पदरात ज्वारी घेऊन मीच पेरत गेले. तिसऱ्या दिवशी होले, कबुतरं, साळुंक्या, चिमण्या, आख्ख्या तालुक्याला आवतण गेल्यावानी जमले. अप्पा ऑफिसच्या खिडकीपाशी बसून बघायचा अन् हात चोळायचा. लेकरू आजारी असल्यावानी त्याचा चेहरा.

अधिकारी लातूरहून जीपनं येणार हे आम्ही धरूनच चाललो होतो. विमानतळावर कुणी विमानानं येईल, हे आमच्यातल्या एकाच्याबी डोक्यात आलं न्हाई. आग लागो आमच्या अकलेला!

सकाळी दहाला नांदेडहून फोन आला. साहेब खात्याच्या छोट्या विमानानं निघालेत, दहा-पंधरा मिनिटांत उतरतील. भागवतरावांच्या तोंडातलं पान तोंडातच राहिलं. मग एकदम खुलले. "अरे, बेस झालं की! वरूनच पाखरं बघतील अन् माघारी फिरतील. अप्पा, तुमची जागा जलमभराची पक्की. हलू नका हितून."

मीबी म्हणलं, "बसा अप्पा. देव पावला."

अप्पा म्हणाला, "वरून दिसत न्हाईत साहेब. इमान खाली आल्यावर उडतात ती." अन् खुंटीवरची गोफण ओढून पळाला.

सायकल पंक्चर होती. पळतच गेला. तिकडं आभाळात घरघर सुरू झाली अन् हिकडं हा म्हातारा पट्टीवर गोफण फिरवत "होगो! होगो!" बोंबलत सुटलेला. एक चप्पल कुठं, दुसरी कुठं. पाखरांचा ढग उठला अन् ओढ्याकडं गेला. विमान अल्लाद टेकलं.

अधिकारी उतरला. दुर्बीण लावून अर्धा तास बघितलं. चिमणीबी दिसंना. अप्पा धापा टाकत उभा होता, गोफण पाठीमागं लपवून.

"तुम्ही काय करता?"

"पाखरं हाकलतो, साहेब."

"कुठली पाखरं?" असं म्हणून तो खदाखदा हसला. भागवतरावबी हसले, साहेब हसल्यावर हसावं लागतं. ऑफिसात चहा-भजी खाऊन त्यानं आमच्यासमोरच कागदावर लिहिलं, 'पक्ष्यांचा उपद्रव नाही. पद अनावश्यक.' खाली सही, वर शिक्का. माझ्या डोळ्याला धार लागली. अप्पानं कागद वाचला, घडी करून माघारी दिला.

साहेब जायला निघाला, तर पट्टीवर पाखरं परत आलेली. ज्वारी होतीच की तिथं. अप्पा पुन्हा पळाला.

"हा माणूस सारखा पळतो का?" साहेबानं इचारलं.

भागवतराव म्हणाले, "व्यायामाची आवड आहे, सर."

पट्टी मोकळी झाली. विमान उडालं. पार ठिपका होईस्तवर अप्पा मान वर करून उभा. मी तणतणत गेले त्याच्याकडं. "अक्कल हाय का तुम्हाला? पहिल्यांदा पळालात ते सोडा. आता तर त्यानं तुमच्या पोटावर पाय दिलता! आता कशाला पळालात?"

अप्पानं धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं.

"आत माणसं होती की, अक्का."