पानाताईचा रेकॉर्ड प्लेयर

माझी मावशी एकतीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनं दुरुस्त करत होती. तिथल्या बायका तिला पानाताई म्हणायच्या, कारण तिच्या एप्रनच्या खिशात कायम एक आखूड पाना असायचा. मशीन अडलं की हाका सुरू व्हायच्या, "पानाताई, इकडे!" "पानाताई, आधी माझ्याकडे!" आणि ती दोन रांगांमधून सावकाश चालत यायची. धावताना तिला कोणी पाहिलं नाही. "आपण धावत गेलो की मशीनला वाटतं, जिंकलो," असं ती म्हणायची.

खरं तर ती मेकॅनिक म्हणून लागलीच नव्हती. अठराव्या वर्षी कॉलर शिवायला बसली. तेव्हा कारखान्यात मेकॅनिक एकच, आणि त्याची वाट बघण्यात अर्धा दिवस जायचा. बंद मशीनपुढे हाताची घडी घालून बसणं मावशीच्या स्वभावात नाही. तो मशीन उघडायचा तेव्हा ती शेजारी उभी राहून बघायची. सहा महिने नुसतं बघितलं. सातव्या महिन्यात केसातली पिन काढून अडकलेला दोरा सोडवला, हुक जागेवर बसवला आणि मशीन चालू केलं. मेकॅनिक तणतणत सुपरवायझरकडे गेला. सुपरवायझरने मावशीला बोलावून विचारलं, "कोणी शिकवलं तुला?"

तिने मेकॅनिककडे बोट दाखवलं. "यांनीच. फक्त यांना माहीत नव्हतं."

पुढच्या आठवड्यात तिची बदली शिलाईच्या रांगेतून वर्कशॉपमध्ये झाली. तिथे पाय ठेवणारी ती पहिली बाई.

त्या एकतीस वर्षांत तिचे कान गेले आणि बोटं तयार झाली. शेकडो मशीनांच्या खडखडाटात डावा कान जवळजवळ बंद पडला, उजव्याला बारीक आवाज कळेनासे झाले. पण मशीनच्या अंगाला तर्जनी टेकवली की आत काय घासतंय, काय सैल झालंय, काय कोरडं पडलंय, हे तिला झाकण न उघडता समजायचं. काका, म्हणजे तिचे यजमान, एका शाळेत ग्रंथपाल होते. आयुष्यभर कुजबुजत बोललेला माणूस. हळू बोलणारा नवरा आणि कमी ऐकणारी बायको. संसार सुखाचा झाला यात नवल नाही, असं आमच्या घरात सगळे म्हणतात.

काकांकडे त्यांच्या वडिलांच्या दीडएकशे रेकॉर्डी होत्या. त्या वाजवायचं यंत्र नऊ वर्षांपूर्वी बंद पडलं. त्यातला असा एक भाग तुटला होता की तो बनवणारी कंपनीच उरली नव्हती. तेव्हापासून काका दर रविवारी सकाळी एकेक रेकॉर्ड काढायचे, मऊ फडक्याने पुसायचे, कव्हरवरचा मजकूर वाचायचे आणि परत ठेवायचे. मावशी हे बघत राहायची. निवृत्तीनंतरच्या तिसऱ्या का चौथ्या रविवारी ती म्हणाली, "अहो, गाणी वाचून कुणाचं भागतं का? चला, नवं यंत्र बघून येऊ."

मीही सोबत गेले. दुकान मोठं, गालिचा घातलेलं, आत बोलायलाही संकोच वाटावा असं. विक्रेत्याने आधी सुटकेससारखं दिसणारं एक स्वस्त यंत्र दाखवलं. मावशीने त्याची सुई धरलेली दांडी दोन बोटांनी उचलून बघितली आणि म्हणाली, "ही फार जड आहे. नांगरच फिरेल रेकॉर्डवरून. यांच्या वडिलांचा ठेवा आहे तो."

मग त्याने चांगलं यंत्र दाखवलं. त्याच्या किमतीच्या चिठ्ठीकडे बघून काका खिडकीबाहेरच्या रहदारीत एकदम रस घेऊ लागले. मावशी मात्र वाकून वाकून खालून, बाजूने बघत होती. थाळी कशावर फिरते, पट्टा कुठून जातो, दांडी कशावर तोललीये.

"एवढंच आहे होय यात?" ती म्हणाली. "एक मोटर, एक पट्टा, एक थाळी. हे तर घरी होईल."

विक्रेता हसला. वाईट माणूस नव्हता तो, पण हसला. "काकू, हे शिलाई मशीन नाही हो. यात फार बारीक काम असतं."

मावशीने उजवा कान पुढे केला. "काय म्हणालात?"

त्याने बिचाऱ्याने तेच मोठ्याने पुन्हा सांगितलं. सगळ्या दुकानाने ऐकलं. मावशी "बरं" म्हणाली आणि आम्ही बाहेर पडलो. बसथांब्यावर तिने पर्समधून सुटे पैसे काढले. मग काकांना म्हणाली, "शिलाई मशीनची सुई मिनिटाला पाच हजार वेळा खालीवर होते. त्याची थाळी मिनिटाला किती फिरते, विचारायचं राहिलं."

"सव्वातेहेतीस," काका म्हणाले. मग स्वतःच दुरुस्ती केली, "नाही, तेहेतीस आणि एक तृतीयांश."

"मग?" मावशी म्हणाली. एवढंच.

स्वयंपाकघराला लागून कपडे वाळत घालायची छोटी खोली होती. तिथे तिने टेबल मांडलं. प्लायवुडचे तीन तुकडे एकमेकांवर चिकटवून जाड बैठक केली. थाळी ओळखीच्या लेथवाल्याकडून कातून घेतली. त्याच्या दुकानातली सगळी मशीनं तिने कधी ना कधी बरी केली होती, त्यामुळे तो नाही म्हणणं शक्यच नव्हतं. थाळीखालचा दांडा एका पोलादी गोळीवर टेकवला आणि वर दोन थेंब मशीनचं तेल. मोटर मिळाली भंगारातल्या कॅसेट प्लेयरमधून. आवाजासाठी जुन्या यंत्राचेच ॲम्प्लिफायर आणि स्पीकर जोडले. नवी घेतली ती फक्त सुई आणि सुईचं इवलंसं डोकं. "तिथे काटकसर नाही," मावशी म्हणाली. "रेकॉर्डला हात लावणार ती तीच."

पट्ट्याच्या जागी तिने आधी कपड्यांना लावतात ते इलॅस्टिक बसवलं. पहिल्यांदा रेकॉर्ड लावली तेव्हा काका डोळे मिटून बसले होते. दोन ओळी झाल्या आणि त्यांनी डोळे उघडले.

"कसं आहे?" मावशीने विचारलं. सूर स्थिर आहे की हलतोय, हे तिला कानांनी कळतच नव्हतं.

काका माणूस सभ्य. बराच विचार करून म्हणाले, "बाई छान गातायत. फक्त नावेत बसून गातायत असं वाटतं."

मी हसले. मावशी नाही. तिने इलॅस्टिक काढून टाकलं आणि शिवणाच्या डब्यातून काजं करायचा पिळाचा रेशमी दोरा घेतला. न ताणणारा दोरा. त्याची गाठ मारून मोटर आणि थाळीभोवती बसवला. आता नाव थांबली, पण दर थोड्या वेळाने 'टक' असा आवाज यायला लागला. गाठ मोटरवरून जाताना उडी मारत होती. हे 'टक' मावशीला कानाने नाही, बैठकीवर टेकवलेल्या बोटाने कळलं. तिने दोऱ्याची दोन्ही टोकं उकलली, पीळ सोडून एकमेकांत विणली, गोंदाचा पुसटसा हात दिला आणि चिमटीत धरून वाळवली. जोड कुठे आहे हे मला भिंगातूनही सापडेना.

मग वेग जुळवणं. थाळीच्या कडेला कागदाचा लाल कपटा चिकटवला. तीन मिनिटांत शंभर फेऱ्या व्हायला हव्यात, हिशेब साधा. काका हातात घड्याळ घेऊन बसले, मावशी फेऱ्या मोजायला. पहिल्यांदा चौऱ्याण्णव आल्या. मोटरचा बारीक स्क्रू फिरवला, तर एकशे आठ. दोघं सलग चार दिवस मोजत होती. मधे मी फोन केला तर काका कुजबुजले, "आत्ता नको गं, आम्ही एकाहत्तरवर आहोत."

दांडीने सगळ्यात जास्त छळलं. लोकरीच्या विणकामाची लाकडी सुई घेऊन तिने दांडी केली आणि ती एका उभ्या, टोकदार सुईवर नुसती टेकवली, तराजूसारखी. मागे पितळी नट अडकवून तोल साधला. रेकॉर्डवर दोन ग्रॅमपेक्षा जास्त भार पडता कामा नये. शेजारच्या गल्लीतल्या सोनाराच्या काट्यावर ती दांडी घेऊन इतक्या वेळा गेली की तो म्हणाला, "ताई, घडणावळ लावू का आता?" अकरा दांड्या मोडल्या किंवा फेकल्या. बारावी जमली.

त्या सकाळी मी तिथे होते. काकांनी रेकॉर्ड लावली आणि गाणं सुरू झालं. काकांनी डोळे मिटले ते बाजू संपेपर्यंत उघडले नाहीत. मावशी त्यांच्या तोंडाकडे बघत होती. कानांनी जे कळत नव्हतं ते ती त्यांच्या चेहऱ्यावर वाचत होती. सुई शेवटाला आली तरी काका बोलेनात, तेव्हा ती घाबरून म्हणाली, "अहो, काय झालं? परत हलतंय का?"

"काही हलत नाहीये," काका म्हणाले. आणि आयुष्यात पहिल्यांदाच असेल, पण मोठ्याने म्हणाले, "एकदम सरळ आहे!"

शहरात दरवर्षी हौशी लोकांचा मेळावा भरतो. घरी बनवलेले स्पीकर, ॲम्प्लिफायर, प्लेयर घेऊन लोक तंत्रशाळेच्या सभागृहात जमतात. मावशीचं नाव मी परस्पर देऊन टाकलं. तिने मला दोन दिवस फैलावर घेतलं, पण तिसऱ्या दिवशी प्लेयर टॉवेलमध्ये गुंडाळताना दिसली.

सभागृहात चकचकीत यंत्रांची रांग होती. त्यात आमचं प्लायवूड म्हणजे लग्नाच्या वरातीत घरच्या कपड्यात आलेला माणूस. मेळाव्याचे अध्यक्ष निवृत्त इंजिनिअर होते. ते आमच्या टेबलाशी थांबले, दोऱ्याकडे बघून भुवया उंचावल्या, दांडीवर हळूच फुंकर मारून बघितली. मग काकांना विचारलं, "डिझाइन तुमचं का?"

"मला विचारू नका," काका म्हणाले. "माझ्याच्याने बल्बसुद्धा धड बदलला जात नाही. या मेकॅनिक आहेत."

इंजिनिअर ओशाळले आणि भरपाई म्हणून मावशीला स्वतःचं यंत्र दाखवायला घेऊन गेले. भलंमोठं, जाड धातूची थाळी, बनवायला चार वर्षं लागलेली. मावशीने मनापासून कौतुक केलं. मग सवयीने कडेला बोट टेकवलं आणि ते तिथेच राहिलं.

"खालची गोळी कोरडी पडलीये तुमची," ती म्हणाली.

"शक्य नाही. मला काहीच ऐकू येत नाही."

"मलाही येत नाही," मावशी म्हणाली. "बोटाला येतंय."

आजूबाजूला माणसं जमली. इंजिनिअर जरा तापलेच होते, पण खरा कारागीर असावेत. त्यांनी सगळ्यांसमोर थाळी उचलली. आत तेलाचा टिपूस नव्हता. गोळीवर बारीक ओरखडे उठायला लागले होते. आणखी महिनाभर चालवलं असतं तर दांडाच गेला असता. मावशीने पर्स उघडली, चष्म्याच्या घराखालून तेलाची छोटी कुपी काढली आणि त्यांच्या हातात ठेवली. "दोनच थेंब," ती म्हणाली.

त्यानंतर आमच्या टेबलाशी उभं राहायला जागा नव्हती. माझ्या मागे कुणीतरी विचारलं, "ही बाई कोण आहे?" मी मागे वळले आणि म्हणाले, "माझी मावशी." हे दोन शब्द मी जन्मभर म्हणत आलेय, पण ते म्हणताना मान इतकी ताठ कधी झाली नव्हती.

दोघातिघांनी तसंच यंत्र बनवून विकत मागितलं. मावशीने साफ नकार दिला. "विकणार नाही. यायचं आणि स्वतः बनवायचं. बिघडलं की मग माझ्या दारात येणार नाही तुम्ही." इंजिनिअरांनी तंत्रशाळेत खटपट करून शनिवारच्या दुपारसाठी एक खोली मिळवली. पहिल्या शनिवारी पाच जण आले, त्यात इंजिनिअर स्वतः, वही घेऊन पुढच्या बाकावर. आज दोन वर्षं झाली. एकोणीस यंत्रं त्या खोलीतून घराघरांत गेली आहेत. सगळी भंगारातल्या मोटरींवर आणि काजाच्या दोऱ्यावर चालतात.

मागच्या शनिवारी मी तिला आणायला गेले होते. एका निवृत्त नर्सबाईंचं यंत्र त्या दिवशी पहिल्यांदा सुरू होणार होतं. सगळे गोल करून उभे. बाईंनी बटण दाबलं, थाळी अगदी झोकात फिरायला लागली, पण उलट्या दिशेने. मोटरच उलट फिरणारी मिळाली होती. बाईंचा चेहरा पडला. "एवढं सगळं केलं आणि ही चालली घरी परत!"

खोलीत हशा उसळला. मावशीही हसली, मग हसता हसताच तिने दोरा उचलला, मधे एक तिढा घालून इंग्रजी आठासारखा केला आणि परत बसवला. थाळी सरळ फिरू लागली.

"आजचं गाणं यावर ऐका," ती बाईंना म्हणाली. "तिढ्यात दोरा घासतो, फार टिकायचा नाही. पुढच्या शनिवारी सुलट मोटर बघू. आणि बाजूला व्हा सगळे, त्यांना मोजू द्या. शंभर फेऱ्या, तीन मिनिटं."

बाईंनी घड्याळ काढलं आणि मोठ्याने मोजायला सुरुवात केली.