भेंडीचे शेंडे

जर्मनीतल्या एका दुकानातली सगळी भेंडी मी एका दुपारी खरेदी केली. त्यातली खाण्यासारखी जेमतेम पावशेर निघाली.

मुळात तिथं जायला हवं होतं माझ्या बायकोनं. वैशूचं, आमच्या लेकीचं, पहिलं बाळंतपण! बायकोनं हौसेनं पासपोर्ट काढला होता. पण साध्या तापाचं निमित्त होऊन ती गेली, आणि तिच्या जागी डिंकाचे लाडू घेऊन मी पोहोचलो. (लाडू विकतचे. वैशूनं एक चाखला आणि डबा हळूच मागं सरकवला.)

वैशूला अन्न जात नव्हतं. डॉक्टर वजन वाढवा म्हणत होते आणि ते घटत होतं. एका दुपारी ती म्हणाली, "पप्पा, आई करायची तशी भेंडी खावीशी वाटतेय."

मी पिशवी उचललीच!

पाथर्डीच्या बाजारात आम्हा नवराबायकोची कामं वाटलेली असत. भेंडी ती निवडायची. प्रत्येकीचा शेंडा मोडून बघायची. कट्‌कन मोडला तर कोवळी, नुसता वाकला तर निबर, परत ढिगात! मी मध्ये काही सुचवलं की म्हणायची, "तुमी फकस्त पिशवी धरा. लई शानपना नको."

दुकानाच्या कोपऱ्यात भेंडीची टोपली दिसली आणि मी शेंडे मोडायला लागलो. माझा जन्म साखर कारखान्याच्या हिशेबखात्यात गेला. नमुना तपासून पुढं जाणं मला जमत नाही. एकूण एक भेंडी तपासली! बहुतेक वाकल्या. त्या नीट रचून परत ठेवल्या.

मान वर केली तर दुकानाच्या बाई समोर. काहीतरी बोलल्या. मला वाटलं, पद्धत विचारतायत. मी एक भेंडी त्यांच्यासमोर वाकवून म्हणालो, "ओल्ड!" बाई लालबुंद! (वयाचा गैरसमज झाला असावा.) शेवटी वैशूला फोन लावून त्यांच्या हातात दिला. त्या बरंच बोलल्या, मग फोन माझ्याकडे आला.

"पप्पा, तुम्ही शेंडे मोडले?"

"मग? न मोडता घ्यायची?"

"किती मोडले?"

"सगळे."

पलीकडे तिनं कपाळावर हात मारल्याचं ऐकू आलं.

"इथं असं चालत नाही हो! त्या म्हणतायत, आता सगळी घेऊन जा."

"निबरसुद्धा?"

"निबरसुद्धा!"

पैसे दिलेली वस्तू टाकणं माझ्या स्वभावात नाही. लसूण, दाण्याचं कूट घालून सगळी एकत्रच परतली. वैशूनं घास घेतला. चावला, चावला, आणि तोंडातून एक लांबलचक दोरा ओढून काढला.

"आईसारखी झालीय?" मी विचारलं.

"आईनं ही म्हशीपुढं टाकली असती, पप्पा!"

ती हसली. हसता हसता रडायला लागली. आई गेल्यापासून ती माझ्यादेखत रडली नव्हती. भाजीत कांदा नव्हता, तरी मीही डोळे पुसले. मग तिनं कोवळ्या फोडी वेचून वेचून दोन पोळ्या खाल्ल्या.

शनिवारी ती माझ्याबरोबर त्याच दुकानात आली. मला पाहताच बाईंनी भेंडीची टोपली जवळ ओढली. मी सवयीनं हात पुढं केला.

"पप्पा," वैशू म्हणाली, "तुम्ही फक्त पिशवी धरा."

एवढा समुद्र ओलांडून मला अखेर माझं जुनंच काम मिळालं. पिशवी रिकामी होती, पण मी ती दोन्ही हातांनी धरली!