गुलाबी गाठी पाहायला देवळीला

नववीत मी आणि विमल डबे बदलून खायचो. माझा जॅम-ब्रेड तिला, तिची ज्वारीची भाकर आणि जवसाची चटणी मला. एकदा जीवशास्त्राच्या सिस्टरांनी आम्हाला शाळेच्या बागेत असंच बोटं चाटताना पकडलं. रागावल्या नाहीत. चवळीचं एक रोप उपटून त्यांनी मुळावरची मोहरीएवढी गाठ नखाने फोडली. आतून गुलाबी! "यातले जिवाणू हवेतलं नत्र झाडाला देतात, झाड त्यांना साखर देतं. तुमच्यासारखेच, डबे बदलतात." वर्ध्याच्या कॉन्व्हेंटमधलं बाकीचं जीवशास्त्र मी केव्हाच विसरले.

यंदा ऑगस्टमध्ये विमलचा फोन आला. "मंदे, सोयाबीन फुलावर येऊन राह्यलं. गाठी पाह्यले येतं का?"

मी पुण्याहून निघालेच. कारण तसंच होतं. तिच्या देवळीजवळच्या दोन एकरांवरची काळी माती पूर्वी रस्त्याच्या भरावासाठी उचलून नेली होती. दोन वर्षं तिथे पीक पिवळंच. तिचा मुलगा अमोल म्हणाला, यंदाही गाठी धरल्या नाहीत, तर तिथे गोदामाची शेड टाकू. विमलने कबूलही केलं होतं. म्हणून मे महिन्यात मी मोठ्या हौसेने तिला कुरियरने जिवाणूंची पाकिटं पाठवली होती: एक नत्रासाठी, दुसरं स्फुरदासाठी. स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, मातीत असतोच, पण कुलपात. ते कुलूप उघडणारे जिवाणू वेगळे.

सकाळी वर्ध्याला उतरले. स्टेशनबाहेर तर्री-पोहे खा, पण तर्री वेगळी मागा. मी नाही मागितली आणि बस येईपर्यंत नाक पुसत बसले. तिथूनच गोरसपाक, ती वर्ध्याची तुपातली बिस्किटं, घेऊन ठेवा, परतताना घाई होते. देवळीची एसटी अर्ध्या-पाऊण तासात पोहोचवते, आणि आम्हा बायकांना तिकीट अर्धं. पुढे ऑटो. आणि एक सांगते, पांढरे कॅनव्हासचे बूट नकोत. काळी माती पावलागणिक चिकटत जाते. वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पोहोचेपर्यंत माझी उंची तीन बोटं वाढली होती.

"काऊन व, शाळेचे बूट घालून आली का?" विमल लांबूनच ओरडली.

अमोल फावडं घेऊन उभा होता. "मावशी, आता तुमीच पाहा. मी काही बोलत नाई."

त्याने डावीकडचं एक रोप अलगद खणून काढलं. मुळावर गाठी मोजून चार. त्यातली एक नखाने फोडली. पांढरी, म्हणजे काम न करणारी. दुसरी, तीही पांढरी. विमल माझ्याकडे पाहीना. आता उजवीकडचं रोप. मुळं गाठींनी लगडलेली! विमलनेच एक फोडली.

गुलाबी. अगदी सिस्टरांच्या नखावरची.

"हे असं अर्धं-अर्धं कसं?" मी विचारलं.

विमल पदराशी चाळा करत म्हणाली, "डाव्या अंगाच्या बियाले तुहे पाकिटं लावले. उजव्या अंगाच्या बियाले आपल्या जुन्या सोयाबीनच्या वावरातली माती चोळली, अन् पेरताना तासात, बियाच्या ओळीतही टाकली."

"पण पाकिटं?"

"पार्सल आलं तवा चहासारखं गरम होतं व. जिवंत चीज ते, मे महिन्यात कुठं जगते? तुले सांगतलं नाई. रुसली असती."

पाकिटावर ठळक लिहिलं होतं, थंड जागी ठेवा. मीच वाचून पाठवलं होतं. जिवाणू मेले असणार हे ओळखूनही हिने माझ्या हौसेखातर एक एकर दिला होता, तोही शेड टाळायच्या वर्षी.

अमोलने स्वतः उजवीकडची आणखी तीन रोपं काढली. बराच वेळ मुळं पाहत राहिला. मग फावडं खांद्यावर टाकत म्हणाला, "अर्ध्या वावरात शेड कशी टाकू, मावशी? चला, जेवाले."

झुणका, भाकर, हिरव्या मिरचीचा ठेचा. माझ्या बॅगेत जॅमची बाटली होती. विमलने भाकरीला जॅम लावून खाल्ला आणि ती म्हणाली, "अजूनही वाईटच लागते."

आता पुण्याला घरी आहे. बूट दोनदा धुतले, शिवणीत काळं राहिलंच. ते राहू दे. वाटण्या मात्र करून ठेवते. गोरसपाकचा डबा सुनेला. विमलने दिलेली तुरीची डाळ शेजारच्या काकूंना अर्धी. गाठींचं वाळलेलं मूळ नातीला, तिच्या जीवशास्त्राच्या वहीत. आणि विमल, तू हे अमोलच्या फोनवर वाचशील म्हणून लिहिते: सोयाबीन कापून घेजो, उपटू नको. मुळं तिथेच राहू दे, त्यातलं नत्र पुढच्या हरभऱ्याला. आणि पुढच्या जूनमध्ये उजव्या अंगाची माती टोपल्याने उचलून डाव्या अंगाला, माझ्या अर्ध्याला.