मागे सरकण्याची नोकरी

मागे सरकण्याचा पगार घेणारा माणूस मी पहिल्यांदा कुवेतमध्ये पाहिला. तो उघडपणे मागे जायचा, वेगात जायचा, आणि समोरून येणाऱ्यावरची नजर काढायचा नाही. आईस हॉकीत याला डिफेन्समन म्हणतात. समोरचा गडी रबराची चकती काठीने ढकलत अंगावर येतो. त्याच्याकडे तोंड करून बर्फावरून उलटं घसरत जायचं आणि गोलच्या आधी त्याला अडवायचं. हेच त्याचं काम. गोल मारणाऱ्याचे फोटो छापून येतात, याचे येत नाहीत.

मी तिथे बर्फ करायचो. एका खासगी क्लबात, छताखाली. गोठवण्याची यंत्रं सांभाळायची, आणि खेळ थांबला की बर्फ तासून पाणी मारणारी गाडी चालवायची. बाहेर डांबर चपलेला चिकटायचं आणि मी जलीबच्या कामगारवस्तीतून बसने निघायचो तो हातात लोकरीचा स्वेटर घेऊन. बसमधले लोक आधी स्वेटरकडे आणि मग माझ्या डोक्याकडे बघायचे.

त्याआधी मी इचलकरंजीत यंत्रमाग कामगारांसाठी पत्रकं लिहीत होतो. सायक्लोस्टाइलची शाई नखांतून जात नसे. मालक, शोषण, जाब विचारा, असे शब्द माझ्या बोटांना सरावाने यायचे. पत्रकांनी पोट भरेना, आयटीआयचं रेफ्रिजरेशनचं सर्टिफिकेट मात्र कामी आलं. कुवेतमध्ये पाय ठेवताच पासपोर्ट मॅनेजरच्या कपाटात गेला. तिथे राहायचा परवाना, म्हणजे इकामा, मालकाच्या नावावर असतो. मालक नको म्हणाला की तुम्ही विमानात. याविरुद्ध पत्रक लिहायचं तर वाटायचं कुणाला? आमच्या खोलीत गाद्यांना गादी लागलेली. तोंड मिटून राहायला मी तिथेच शिकलो, आणि अजून मला त्याचा राग आहे.

तो मागे सरकणारा उत्तरेकडच्या एका थंड देशातला. देशाचं नाव लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. पस्तिशी उलटलेली, नाक दोनदा मोडलेलं, पुढचे दात खोटे. विसाव्या वर्षापासून परदेशातल्या क्लबांतून खेळत आलेला. कुठे एक हंगाम, कुठे दोन, मग पुढचा देश. प्रत्येक ठिकाणची भाषा ‘भूक’ आणि ‘डॉक्टर’ म्हणण्यापुरती यायची, तोवर करार संपायचा. आता आमच्या क्लबाने त्याला खेळायला आणि स्थानिक पोरांना शिकवायला आणलं होतं. त्याचाही पासपोर्ट त्याच कपाटात होता. हे कळलं तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला थोडं बरं वाटलं.

मॅचच्या आधी तो दात काढून एका प्लॅस्टिकच्या डबीत ठेवायचा आणि डबी माझ्या हातात द्यायचा. ड्रेसिंग रूममध्ये ठेवत नसे. कुठल्याशा देशात कुणीतरी थट्टेत लपवली होती म्हणे. मी ती शर्टाच्या खिशात, स्वेटरच्या आत ठेवायचो. आमची ओळख या डबीतून झाली. पुढे माझ्या थर्मासातला चहा दोघांत होऊ लागला. दोघांचंही इंग्रजी लंगडं, त्यामुळे कुणी कुणाला हसत नसे. इंग्रजीत मी त्या वडीलधाऱ्या माणसाला बेधडक तू म्हणायचो, इथेही तसंच ठेवतो.

शुक्रवारी क्लब बंद. तो मिरकाबमधल्या जुन्या फ्लॅटवर एकटा राहायचा, तरी शुक्रवारी चालत क्लबात यायचा. मी यंत्रांच्या ड्यूटीवर असायचोच. एका शुक्रवारी त्याने मला कुणाचेतरी स्केट्स घातले आणि मागे घसरायला लावलं. मी सारखा चकतीकडे बघत होतो आणि तो मला हुलकावणी देऊन सहज पुढे जात होता. मग त्याने माझ्या हनुवटीला बोट लावून मान वर केली.

“चकती खोटं बोलते,” तो म्हणाला. “डोळे खोटं बोलतात. छातीकडे बघ. छाती जिकडे, माणूस तिकडे.”

खोलीवर हे सांगितलं तर मामू खो खो हसले. मामू रत्नागिरीकडचे, मिरकाबमध्ये कापडाच्या दुकानात होते, आणि खोलीतल्या सगळ्यांचे मामू होते. म्हणाले, “वा रे कॉम्रेड. क्रांती करायला आलास नि उलटा चालायला शिकलास.” तेव्हापासून संडासच्या रांगेत मला सगळे उलटा चाल म्हणू लागले.

त्या वसंतात त्याच्या कराराचं वर्ष संपत आलं. आणखी एक वर्ष मिळेल का, एवढाच त्याचा प्रश्न होता. मिळालं नाही तर पुढे कुठलाच क्लब त्याला घेणार नव्हता. गुडघा मॅचनंतर भोपळ्यासारखा सुजायचा. गावी भावाची लाकूड कापायची गिरणी होती, तिथे त्याच्यासाठी जागा ठेवलेली होती. भाऊ चांगला आहे, तो म्हणायचा, पण गिरणीत मी काय अडवणार?

मग एके दिवशी मॅनेजर मैदानाच्या कडेला आला. मी गाडीवर बसलेलो, म्हणजे त्याच्या दृष्टीने गाडीचाच भाग. हंगामाच्या शेवटी मालक पाहुणे आणणार होते. मॅच आमच्याच दोन संघांत. मालकांचा पुतण्या पलीकडच्या संघात, पुढे खेळणारा. मॅनेजर हसत, आमच्या डिफेन्समनच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला की पोराला एकदा जाऊ द्यायचं, फक्त एकदा, आणि मग पुढच्या वर्षाचं बोलू.

माझं डोकं फिरलं. माणसाला ज्या कामासाठी आणलं तेच काम खोटं करून दाखव म्हणायचं, आणि ते हसत म्हणायचं. अख्खं पत्रक माझ्या डोक्यात तयार झालं, मथळ्यासकट. मामू ऐकून म्हणाले, “त्यात काय झालं? मी रोज गिऱ्हाइकाला जिंकवतो. भाव पाडला असं वाटून ते खूश, कापड गेलं म्हणून मी खूश.” मी म्हटलं, तुमचं कापड असतं, त्याची इज्जत आहे. मामू म्हणाले, “कापड माझं नाय रे, शेटचं. इज्जत माझीच.” आणि पाठ फिरवून झोपले.

मॅचच्या सकाळी चहा ओतताना मी जे बोललो, ते इचलकरंजीत कुणी ऐकलं असतं तर मला संघटनेतून काढलं असतं.

“सोडून दे त्याला एकदा,” मी म्हणालो.

करार संपून तो मायदेशी गेला तर शुक्रवारी त्या हॉलमध्ये यंत्रांची घरघर आणि मी, एवढंच उरणार होतं. पत्रक मला चहा पाजणार नव्हतं.

“हो,” तो म्हणाला. “सोडणार आहे. मला वर्ष पाहिजे.” आणि डबी माझ्या हातात दिली.

शेवटच्या सत्रात पुतण्या चकती घेऊन निघाला. पोरगं चांगलं खेळायचं, हे सांगायला हवं. त्याला यातलं काही माहीत नसावं. आमचा माणूस त्याच्यासमोर मागे घसरू लागला. त्याने वेग कमी केला, डाव्या बाजूला वाट मोकळी सोडली, मला कडेवरून ती स्पष्ट दिसली. पोरगं तिथे वळणार एवढ्यात त्याची छाती किंचित झुकली, आणि आमच्या माणसाची कंबर आपोआप फिरली. पोरगं बर्फावर आडवं, चकती कडेच्या फळीला लागून परत.

धक्का नियमात होता. पंचाने शिट्टीही वाजवली नाही. मात्र तो स्वतः जागच्या जागी उभा राहिला, दुसऱ्याच कुणीतरी हे केलं असं बघत. पोरगं उठलं, हसलं, काठीने त्याच्या पायावर शाबासकीची टपली मारून पुढे गेलं. मालक पाहुण्यांशी बोलत होते, त्यांनी पाहिलं की नाही देव जाणे. पाहिलं ते मॅनेजरने. ज्याचा अपमान झाला त्याला काहीच वाटलं नाही, ज्याच्यासाठी हे सगळं चाललं त्याने बघितलं नाही, आणि मधल्या एका घाबरटाने एका माणसाचं उरलेलं आयुष्य ठरवलं. हे तेव्हा लिहिता आलं नाही म्हणून आता लिहितो.

मॅच संपल्यावर मी डबी पुढे केली. त्याने ती लगेच घेतली नाही.

“विसरलो,” तो बोळक्या तोंडाने म्हणाला. “सोडायचं होतं, ते विसरलो.”

त्याला दुसऱ्या वर्षाबद्दल कुणी काही बोललं नाही. आठवड्याभरात मॅनेजरने पासपोर्ट आणि तिकीट एकाच पाकिटात दिलं. मी मिरकाबला जाऊन त्याची बॅग जिन्याने खाली आणली. त्यात काठ्या, स्केट्स आणि थोडे कपडे, इतक्या वर्षांचं एवढंच. टॅक्सीत बसताना त्याने काच खाली केली. त्याने माझ्या छातीवर बोट टेकवलं आणि टॅक्सी निघाली.

पुढच्या शुक्रवारी मी बर्फ तासला, पाणी मारलं, गोठेपर्यंत थांबलो. थर्मासात दोघांचा चहा होता, सवयीने. मग ते जुने स्केट्स घातले आणि फळीला हात लावून मागे सरकू लागलो. मान वर ठेवली होती. मधोमध आलो तेव्हा हात सुटला तरी पडलो नाही. नजर बरोबर छातीच्या उंचीवर होती. समोरून कुणी येत नव्हतं.