एक बटण दाबायचं राहिलं

बाजाराच्या मागच्या गल्लीत प्रिंटर दुरुस्त करणारे एक गृहस्थ बसायचे. सगळे त्यांना डॉक्टर म्हणायचे, कारण बिघडलेलं मशीन समोर आलं की ते आधी त्याला कान लावायचे. मोटर फिरते का, पट्टा घासतोय का, हे त्यांना ऐकूनच कळायचं. माझं छपाईच्या कागदांचं दुकान त्यांच्या शेजारी, त्यामुळे मी त्यांना वीस-बावीस वर्षं जवळून पाहिलं. हाताला यश होतं. स्वभावानं सरळ होते. एकच खोड होती, घाईची. एक काम हातात असताना त्यांचा जीव दुसऱ्या कामात असायचा.

त्या घाईनं त्यांच्या हातून जे झालं, ते त्यांनी मला बऱ्याच वर्षांनी सांगितलं. काही भाग मी स्वतः पाहिलेलाच होता.

टायपिस्ट बाई त्यांच्या जुन्या गिऱ्हाईक. नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्या घरच्या पुढच्या खोलीत करारनामे, अर्ज, प्रतिज्ञापत्रं टाइप करून द्यायच्या. त्यांच्याकडे सुयांनी ठोकून अक्षरं उमटवणारा जुना प्रिंटर होता. कर्रकर्र आवाज करायचा, पण मध्ये कार्बन घालून एका दमात तीन प्रती काढायचा. नव्या प्रिंटरना ते जमत नाही. बाईंचा त्या मशीनवर भारी जीव. रोज त्यावर कापड झाकायच्या.

एका शनिवारी त्यांच्या मुलानं नवा कॉम्प्युटर आणला. जुना फारच रखडत चालायचा. नव्या कॉम्प्युटरला त्या प्रिंटरची रुंद पिन बसेना, म्हणून दुकानदारानं मध्ये जोडायची एक वायर दिली. मुलानं ती जोडली, काहीबाही सेटिंग केलं आणि म्हणाला, "झालं गं आई, सोमवारी काम सुरू कर." रविवारी सुनेनं खोली झाडली. टेबलामागे जाळी झाली होती, म्हणून तिनं प्रिंटर उचलून स्टुलावर ठेवला आणि जागा पुसून परत जागच्या जागी ठेवला. सोमवारी बाईंनी छापायची आज्ञा दिली, तर कागद जागचा हलेना. हिरवा दिवा लागलेला, पडद्यावर एकाखाली एक कामं तुंबलेली, आणि मशीन ढिम्म.

बाईंनी डॉक्टरांना बोलावलं. नेमकं त्याच दिवशी अकरा वाजता त्यांना एका मोठ्या कचेरीत पोहोचायचं होतं. तिथल्या सगळ्या मशीनांची देखभाल त्यांना मिळायची होती. साडेदहाला ते बाईंच्या घरी आले. वायर काढून पुन्हा बसवली, मशीन बंद-चालू केलं, एकदा छापून पाहिलं. काही नाही. घड्याळाकडे बघत त्यांनी विचारलं, "कोणी हलवला होता का हो?"

बाई म्हणाल्या, "काल सूनबाईनं उचलला होता, झाडताना."

"मग बसला असेल दणका. जुनी मशीनं ही, आतला बोर्ड नाजूक असतो. गेला तो. आता याचे भाग मिळत नाहीत, बाई."

सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "मी आपटला नाही हो. अलगद ठेवला."

डॉक्टरांनी बॅग आवरता आवरता उत्तर दिलं, "आपटायला लागत नाही, वहिनी. नुसता हिसका पुरतो."

एवढं बोलून ते निघाले. जाताना बाईंच्या सांगण्यावरून मशीनही घेऊन गेले. "डोळ्यांसमोर नको," असं बाई म्हणाल्या होत्या.

पुढचं मी गल्लीतून ऐकत गेलो. त्या दिवशी घरात शब्दानं शब्द वाढला. बाईंनी सुनेला नको नको ते ऐकवलं. तुझा हातच जड, कालचा कपही तूच फोडलास, माझ्या पोटावर पाय दिलास. सासू-सुनेत आधीपासून थोडं धुमसत होतंच, त्याला तोंड फुटलं. दोन महिन्यांत मुलगा-सून शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेले. बाईंनी नवा प्रिंटर घेतला, पण तीन प्रतींचं काम त्यावर होईना. लोक दुसरीकडे जाऊ लागले. वर्षभरात त्यांनी दारावरची पाटी काढली. नात झाली, तर बाई दवाखान्यात अर्धा तास जाऊन आल्या. एवढंच.

हे सगळं डॉक्टरांच्याही कानावर येत होतं. ते मान हलवायचे आणि म्हणायचे, "घरोघरचं असतं." मशीन त्यांनी भंगारात दिलं नाही. माळ्यावर ठेवलं आणि विसरले.

सहा वर्षांनी एका मालवाहतूकवाल्याचं काम आलं; तो पावत्यांसाठी तसलाच प्रिंटर वापरायचा. त्याच्या मशीनचं एक दातेरी चक्र तुटलं होतं. डॉक्टरांना माळ्यावरचं मशीन आठवलं. त्यातलं चक्र काढावं म्हणून त्यांनी ते खाली घेतलं, धूळ पुसली, आणि उघडण्याआधी सवयीनं, या वेळी कसलीही घाई नसल्यामुळे, कागद पुढे सरकवायचं बटण दाबून धरत मशीन चालू केलं. असं केलं की कॉम्प्युटर नसतानाही मशीन स्वतःची चाचणी घेतं. आतलं सगळं ठीक असेल तर अक्षरांच्या ओळी छापत सुटतं.

मशीननं ओळी छापायला सुरुवात केली. पान भरलं, दुसरं सुरू झालं.

मी आवाज ऐकून डोकावलो. डॉक्टर खुर्चीत बसले होते आणि कागद खाली जमिनीवर घरंगळत होता. मी म्हटलं, "वा, जिवंत आहे की."  डॉक्टरांनी उठून मध्ये जोडायची तसलीच वायर शोधली, मशीन स्वतःच्या कॉम्प्युटरला जोडलं. छापायची आज्ञा दिली. हिरवा दिवा, तुंबलेली कामं, कागद ढिम्म. अगदी बाईंच्या घरी झालं होतं तसंच. मग त्यांनी सेटिंग उघडलं. कॉम्प्युटर आपणहून जुन्या, रुंद पिनेच्या वाटेनं काम पाठवत होता, आणि ती वाट या कॉम्प्युटरला नव्हतीच. त्यांनी यादीतून नव्या वायरची वाट निवडली. तुंबलेलं सगळं एकामागोमाग छापून बाहेर आलं.

"बोर्डाला काही झालंच नव्हतं," ते म्हणाले. "नव्या कॉम्प्युटरवर तो एकदाही चालला नव्हता. मी विचारलंसुद्धा नाही. विचारलं काय, तर कोणी हलवला का."

चार दिवस त्यांनी दुकान उघडलं, पण काम केलं नाही. बायको म्हणाली, "अहो, आता सांगून काय मिळणार? त्यांची जखम भरली असेल." त्यांनाही ते पटत होतं, आणि पटतंय याचीच लाज वाटत होती. पाचव्या दिवशी ते बाईंकडे गेले.

बाई थकल्या होत्या. एका डोळ्यानं नीट दिसत नव्हतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. डॉक्टरांना वाटलं होतं त्या बोलतील, निदान दार दाखवतील. बाईंनी फक्त विचारलं, "म्हणजे तिनं अलगदच ठेवला होता?"

"हो, बाई."

"ती सांगत होती तसं." मग त्या म्हणाल्या, "मी तिला फोन केला तर ती म्हणेल, म्हातारीला आता गरज पडली. तुम्ही जा. समोर बसून सांगा."

सून एका रक्त तपासायच्या लॅबमध्ये काउंटरवर कामाला होती. दुपारच्या सुट्टीत ती बाहेरच्या बाकावर येऊन बसली. डॉक्टरांनी घडलेलं सगळं सांगून टाकलं. ती डबा मांडीवर तसाच ठेवून ऐकत होती.

"बटण दाबून ती चाचणी करायला किती वेळ लागतो?" तिनं विचारलं.

"एक मिनिट. कमीच."

ती हसली, पण ते हसू बघवलं नाही. "मलाही पुढं पुढं तसंच वाटायला लागलं होतं. की आपणच आपटला असेल, आठवत नसेल. यांनीही कधी सांगितलं नाही की शनिवारी छापून बघितलंच नव्हतं. इथं पहिले कित्येक महिने मी एकेक नळी दोन्ही हातांनी उचलायचे."

"मला माफ करा, वहिनी."

"करीन," ती म्हणाली. "लगेच नाही जमणार."

दोन आठवड्यांनी ती मुलीला घेऊन सासूकडे गेली. काय बोलणं झालं ते त्या दोघींनाच ठाऊक. आता महिन्यातून एक-दोन रविवार ती तिघं येतात. डॉक्टरांनी बाईंना मशीन परत नेऊन देऊ का असं विचारलं होतं. बाई नको म्हणाल्या. त्यांना आता टाइप केलेलं दिसत नव्हतं. ते मशीन मालवाहतूकवाल्याकडे गेलं, सबंधच्या सबंध.

मध्यंतरी डॉक्टर बाईंना भेटून आले आणि माझ्या दुकानात येऊन बसले. मी विचारलं, "कशा आहेत?"

"बऱ्या आहेत. नात अंगाखांद्यावर खेळते. आली की सून सगळं करते, स्वयंपाक, औषधं. फक्त म्हणाल्या, अजून साधं भांडं उचलायचं तरी आधी विचारते. 'आई, घेऊ का?' मी म्हणते, अगं, तुझंच घर आहे. तरी विचारते."

 गिऱ्हाईक आलं तसा मी उठलो. डॉक्टर अजून थोडा वेळ तिथंच बसून होते.