पिवळ्या कापसाचा फोटो

भरवसा कुणावर ठेवायचा सांगा, डोळ्यावर की कॅमेऱ्यावर? नांदेडात कॅमेरे विकता विकता मी धंदा ऐकून-ऐकून शिकलो. किस्से वर फुकट जमले. बहुतेक लातूरच्या फहीमभाईंचे. माझे जुने गिऱ्हाईक, इमारती-कारखान्यांचे फोटो काढतात.

त्यांनी माझ्याकडून मोठ्या सेन्सरचा मिडियम फॉरमॅट कॅमेरा नेला. उंच इमारत मावावी म्हणून त्यावर वाइड लेन्स जरा बाजूला सरकवली की फोटोची एक कड हिरवट येते, दुसरी गुलाबी.

पहिलंच काम दवाखान्याचं. फोटोत पांढरी भिंत हिरवी! डॉक्टरांनी पेंटरला झापलं. तो डबा-ब्रश घेऊन भाईंच्या दारात. "साहेब, कुठं हिरवं हाय दाखवा, दुसरा हात मारतो!"

*

उपाय सोपा. फोटो काढला की काही न हलवता लेन्ससमोर दुधी अ‍ॅक्रिलिकची पाटी धरून दुसरा घ्यायचा. पाटीवर उतरलेला रंग कॉम्प्युटर पहिल्या फोटोतून वजा करतो.

औशात नव्या घराचा फोटो काढताना मालकीणबाईंनी विचारलं, "भाऊ, झाकून कशाला काढून राहिलात? नजर लागू नये म्हणून?"

समजावायचा कंटाळा. भाई म्हणाले, "हाव."

आता औशातली गिऱ्हाइकं फोनवरच बजावतात, "नजर काढलेलाच फोटो पाहिजे!"

*

हदगावच्या जिनिंगला, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, मी सोबत होतो. पाटी घरी राहिली. भाईंनी एका हमालाचं धुतलेलं धोतर मागून लेन्ससमोर ताणलं. धोतराला नीळ घातलेली! कॉम्प्युटरनं इमानदारीत निळा वजा केला आणि सगळा कापूस हळदीसारखा.

मालक बालाजीराव भडकले. "उद्या व्यापारी येणार, त्यांना हा फोटो दाखवू? माझा भाव पाडायला आलात का? पुन्हा बिघडला तर एकाही जिनिंगात पाय ठेवू देणार न्हाई!"

भाईंचं निम्मं काम जिनिंगांचंच.

*

मी दुकानातली पाटी बसनं मागवली. दुपारी पुन्हा फोटो. कापूस पांढराशुभ्र, डावीकडचा एक ढीग तेवढा पिवळा.

"राहिला की डाग!" बालाजीराव ओरडले.

भाईंनी परत काढला. पिवळाच. कॅमेरा फिरवून ढीग उजवीकडे घेतला. तरी पिवळा.

मग भाई उठले, ढिगात कोपरापर्यंत हात घातला आणि ओला कापूस बाहेर काढला. वर पत्र्याला भोक होतं.

बालाजीरावांनी भोकाकडं पाहिलं. मग हळूच म्हणाले, "भाई, एवढा ढीग फोटोतून पुसता येईल?"

"लेन्सचा रंग निघतो, मालक. कापसाचा न्हाई."

बालाजीराव मुनीमजींकडे वळले. "ह्यो ढीग पांढऱ्यात धरू नका. वहीत पिवळा म्हणूनच लिवा. खरं लिवा."