बाबांच्या रिव्हॉल्व्हरचा अकरा पानी इतिहास

आमच्या घरातल्या रिव्हॉल्व्हरमधून गेल्या पन्नास वर्षांत एकही गोळी सुटलेली नाही. तरीही दोन वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला त्याने एक माणूस जायबंदी केला. माणूस म्हणजे माझे बाबा, आणि नेम माझा.

मी मारेगावच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालो. निवृत्त माणसाला घरात दोनच उद्योग असतात: सुनेच्या स्वयंपाकात खोड्या काढणं किंवा संशोधन. पहिल्यातून मला आठवड्याभरात बडतर्फ करण्यात आलं! म्हणून मी मुकुटबनजवळच्या आमच्या गावी आईबाबांकडे गेलो आणि बाबांचं रिव्हॉल्व्हर संशोधनाला घेतलं.

हे रिव्हॉल्व्हर विलायती. जंगल खात्यातल्या एका गोऱ्या साहेबाने देश सोडताना ते माझ्या आजोबांना दिलं आणि पुढे रीतसर परवाना होऊन बाबांकडे आलं. सोबत सहा काडतुसं. ती उडवली तर पुन्हा मिळायची नाहीत, म्हणून बाबांनी ती जपून ठेवली. (बाबा नवीन धोतरसुद्धा जुनं होईपर्यंत पेटीतच ठेवतात!)

गोळी उडाली नसली तरी गोष्ट मात्र दरवर्षी उडायची. दसऱ्याला शस्त्रपूजा झाली, सोनं द्यायला माणसं जमली, की बाबा पाटावरचं रिव्हॉल्व्हर उचलून सुरू करायचे, "तुरीत उभा होतो. वीस पावलांवर वाघ! म्या घोडा चढवला. खट्! वाघानं माह्याकडं पाह्यलं, म्या वाघाकडं पाह्यलं, अन् गेला ना बाप्पा तो पाठ फिरवून!" त्र्याऐंशी वर्षांचा माणूस त्या 'खट्'ला तिशीचा व्हायचा. मी ती गोष्ट चाळीस वेळा तरी ऐकली असेल. आता एकदा ऐकायला मिळाली तर मी काय वाटेल ते देईन.

तर संशोधन. मुठीवर पांढऱ्या रंगात एक आकडा होता. पलटणीचा क्रमांक, असा निष्कर्ष काढून मी त्यावर दीड पान लिहिलं. बाबा म्हणाले, "पलटण कायची बे? इलेक्शन आलं का ठाण्यात जमा करा लागते. हवालदारानं टाकला तो नंबर."

मी दीड पान फाडलं. मुठीची एक बाजू विलायती लाकडाची होती, दुसरी सागाची. ती बाबांनी मोडक्या खाटेच्या पायातून कोरली होती. खालची कडी बैलाच्या कासऱ्याची निघाली. नळीवर मात्र ठिकठिकाणी लालसर मुलामा होता. असा मुलामा मी कुठल्याच चित्रात पाहिला नव्हता! हा दुर्मीळ ठेवा दाखवायला मी नागपूरहून जुन्या हत्यारांचे एक जाणकार बोलावले. त्यांनी भिंग लावलं, नखाने खरवडलं, वास घेतला.

"कुंकू हाये ते," आई आतून म्हणाली. "दरसाल वाहतो आमी. तेलात मुरलं."

जाणकारांनी कुंकू पुसलं आणि मग घोड्याशी भिंग नेलं. जाताना त्यांनी मला फाटकापाशी नेलं. "सर, याच्या घोड्याचं टोक कानशीने घासून काढलंय. ते टोक काडतुसावर आपटल्याशिवाय बार होत नाही. चाप ओढला तर नुसता खट् आवाज येईल. आणि हे काम फार जुनं आहे."

इथे शहाण्या माणसाने तोंड मिटलं असतं. मला आनंद झाला! आयुष्यभर दुसऱ्यांचे शोध पोरांना शिकवले, हा माझा स्वतःचा होता. मी अकरा पानांचा अहवाल लिहिला आणि शेवटचं पान कुणाला न दाखवता दसऱ्यापर्यंत लपवून ठेवलं.

दसऱ्याला पूजा झाली. ओसरीवर माणसं बसली. अगदी पुढे बाबांचे चुलतभाऊ नामदेवकाका, ज्यांच्या वावराचा धुरा, म्हणजे बांध, आमच्या वावराला लागून आहे. बाबांनी रिव्हॉल्व्हर उचललं, घसा खाकरला, तोच मी म्हणालो, "बाबा, आज गोष्ट नको. आज इतिहास!"

बाबा कौतुकाने खाली बसले. ते मला अजून आठवतं.

दहाव्या पानावर आईने दारातून हाक मारली, "गजा, पुरे कर. पुऱ्या थंड्या होऊन राह्यल्या."

"एकच पान राहिलंय, आई."

"ते राहू दे म्हणते ना मी!"

आई खुणेनेही सांगत होती, पण मी चष्मा वाचायचा लावला होता. मी अकरावं पान उलटलं आणि शाळेतला आवाज काढला: "कुण्या अज्ञात, अडाणी इसमाने या ऐतिहासिक वस्तूचा घोडा घासून ती कायमची निकामी केली आहे. हा गुन्हा कोणी केला असेल?"

वर्गात असा प्रश्न विचारला की कुणी बोलत नसे. इथे लगेच उत्तर आलं.

"म्या," आई म्हणाली.

पुऱ्यांची परात हातात धरून आई बाबांकडे बघत बोलली, "धुऱ्याचा वाद झालता तवा तुमी हे घेऊन नामदेव भाऊजीच्या वावरात गेलते. ते मारेगावले गेलते म्हणून निभलं. दुसऱ्या दिवशी म्या इळ्याच्या टोपल्यात हे खाली टाकलं, अन् धार लावाले म्हणून लोहाराकडं नेलं. गजा तिसरीत होता. तुमाले फाशी झाली असती त मी कोणाच्या तोंडाकडं पाह्यलं असतं?"

बाबा काही बोलायच्या आत नामदेवकाकाच उठले. "म्हणजे वयनी, मी पन्नास वर्षं उगाच भेत राह्यलो? अवो, या रिवालवरले भेऊन म्या दोन तास जमीन सोडली धुऱ्यावर! दरसाल कपाशीच्या दोन ओळी!"

कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. आणि (हे लिहिताना लाज वाटते) मीही हसलो. बाबांनी रिव्हॉल्व्हर पाटावर ठेवलं आणि हातातली आपट्याची पानं तशीच घेऊन ते गोठ्याकडे निघून गेले.

मी मागोमाग गेलो. ते बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. मी म्हणालो, "बाबा, उलट विचार करा ना! निकामी लोखंड घेऊन तुम्ही वाघासमोर उभे राहिलात. म्हणजे तुमची हिंमत किती मोठी!"

बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "गजा, मले मालूम असतं त मी तिथं उभा राह्यलो असतो काय रे?"

 

गेल्या दसऱ्यालाही पूजा झाली. आईने पुसलेल्या जागी नवं कुंकू लावलं. माणसं आली, नामदेवकाका पुढेच बसले आणि सगळे बाबांकडे बघत राहिले. शेवटी काकाच म्हणाले, "दादा, वाघाची सांग ना."

"गजाले सांगा," बाबा म्हणाले. "त्याले सगळं मालूम हाये."

मग मी सांगितली. तूर सांगितली, वीस पावलं सांगितली, घोडा चढवून 'खट्'सुद्धा केलं. एक पोरगी जांभई देऊन उठून गेली. बाबा ऐकत होते, पण दुसऱ्याच कुणाची गोष्ट ऐकावी तसे.

माणसं गेल्यावर मी स्वयंपाकघरात आईजवळ बसलो. म्हटलं, "आई, माझ्या हातून फार मोठी चूक झाली."

आईने भांडी आवरताना मान वर केली नाही. "तुही कायची चूक, बापा? चुकलं माहंच. लोहाराकडं गेलती त तू संगच होता. त्याच कानशीनं तुही जीभबी घासून आणाले पायजे होती."